धिप्पाड बॉक्सरचं कसब ओळखायचं कसं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बरीचशी पत्रं एकाच मुद्द्याभोवती फिरतात. माणूस अंगापिंडानं मोठा असला की तो जिंकतो ते कसबामुळे की आकारामुळे, हे बघणाऱ्यानं ठरवायचं कसं? त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. लांबलेली पत्रं थोडी कापली आहेत, पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : रशियाचा बॉक्सर निकोलाय व्हॅल्युएव्ह सात फूट उंच. पन्नास लढती जिंकला, दोनच हरला. तरी जाणकार त्याला ‘नुसता मोठा’ म्हणून मोकळे होतात. पन्नास वेळा जिंकलेल्याला बॉक्सिंग येत नव्हतं असं म्हणायचं का?
*— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)*

येत नव्हतं असं म्हणणं चूकच आहे. १४०-१४५ किलोचं अंग घेऊन बारा फेऱ्या, म्हणजे छत्तीस मिनिटं, रिंगमध्ये टिकणं सोपं नाही आणि व्हॅल्युएव्ह टिकायचा. त्याचा जॅब (पुढच्या हाताचा ठोसा) सरळ जायचा, तो घाई करायचा नाही, हात गालापाशी ठेवायचा. गडी शिस्तीचा होता. फक्त हिशेब करताना त्याच्या विजयातून आकाराचा वाटा वजा करावा लागतो आणि मग उरेल त्याला कसब म्हणायचं.

आकार काय काय फुकट देतो? समोरच्याचा ठोसा पोचायच्या आत आपला पोचतो. आपल्या हनुवटीपर्यंत हात न्यायला त्याला अंगाखाली घुसावं लागतं किंवा उसळी घ्यावी लागते. मिठी पडली की त्याच्या मानेवर भार टाकून त्याला दमवता येतं. आणि ठोशात फारसा जीव नसला तरी वजनामुळे समोरचा मागे सरकतो, त्यामुळे पंचांना हाच वरचढ वाटतो. यातलं काहीही शिकावं लागत नाही. अंतर राखणं, हुलकावणी देणं आणि ओळखणं, ठोसा चुकला की तोल सावरणं, पळणाऱ्याला कोपऱ्यात घेणं हे मात्र शिकावंच लागतं.

व्हॅल्युएव्हचे दोन्ही पराभव या शेवटच्या गोष्टीत झाले. एप्रिल २००७ मध्ये स्टुटगार्टला रुस्लान चागाएव्हनं त्याला हरवलं. चागाएव्ह ६ फूट १ इंचाचा, डावखुरा. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूरेंबर्गला डेव्हिड हेयनं हरवलं. तो ६ फूट ३ इंच आणि ९९ किलोचा, म्हणजे व्हॅल्युएव्हपेक्षा ४४ किलोनं हलका. हेयनं त्या रात्री ठोसे मोजकेच मारले. तो सारखा बाजूला सरकत राहिला आणि व्हॅल्युएव्ह त्याच्या मागे सरळ रेषेत चालत राहिला. कबड्डीत रेडरच्या मागे धावत नाहीत, त्याची परतीची वाट अडवून त्याला कोपऱ्यात घेतात. रिंगमध्येही तेच करायचं असतं: समोरचा डावीकडे निघाला की त्याच्या मागे न जाता आपणही तिरकं पाऊल टाकून दोराकडची वाट बंद करायची. १४३ किलोचा माणूस असं तिरकं पाऊल टाकतो तेव्हा त्याचे पाय क्षणभर जवळ येतात. तेवढ्या वेळात त्याला ठोसा मारता येत नाही, आणि हेयला तेवढाच वेळ पुरत होता. बाराव्या फेरीत तर त्यानं व्हॅल्युएव्हला हलवून सोडलं.

जय-पराजयाचा आकडा बघताना शेजारचा रकानाही वाचत जा. २००८ च्या डिसेंबरात व्हॅल्युएव्हनं झुरिचला इव्हँडर होलीफिल्डला गुणांवर हरवलं. होलीफिल्ड तेव्हा ४६ वर्षांचा होता, आणि तरीही निकाल वादात सापडला. पन्नासातला एक विजय म्हणून तो मोजला जातो, पण सात फुटी माणसाच्या कसबाबद्दल तो फार चांगलं सांगत नाही. प्रत्येक विजयासमोर चार गोष्टी लिहा: प्रतिस्पर्ध्याचं वय, त्याची उंची, त्या दिवसापर्यंतचा त्याचा जय-पराजय, आणि आधीच्या लढतीनंतर तो किती महिन्यांनी उतरला. धिप्पाड बॉक्सरच्या यादीत ६ फूट ४ इंचांवरचे, चांगल्या वयातले, नियमित खेळणारे किती निघतात तेवढंच बघा. बहुतेकांची यादी तिथेच आटते.

प्रश्न : रात्री मोबाईलवर लढती बघतो. समालोचन इंग्रजीत, कोण भारी चाललंय ते कळत नाही. नेमकं बघायचं काय?
*— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)*

आधी आवाज बंद करा. समालोचक आकाराला भुलतो, आणि गर्दी तर भुलतेच.

मग मोबाईल आडवा धरून पडद्याचा वरचा अर्धा भाग तळहातानं झाका. पहिल्या तीन फेऱ्या नुसते पाय बघा. पुढे जाताना पुढचा पाय आधी आणि मागचा त्याच्यामागे तेवढाच सरकायला हवा. मागे येताना याच्या उलट. पायांत खांद्याएवढं अंतर राहतं का, की ठोसा मारल्यावर मागचा पाय फरफटत पुढच्याला येऊन चिकटतो? बाजूला सरकताना पायांची कात्री होते का? ज्याचे पाय चिकटतात किंवा कात्रीत जातात, त्याला त्या क्षणी नुसता धक्का बसला तरी तो डगमगेल. धिप्पाड माणसात हे तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून दिसू लागतं, कारण दम कमी झाला की आधी पाय जड होतात, हात नंतर.

दुसऱ्यांदा तीच लढत लावा आणि फक्त पुढचा हात बघा. जॅब गेला तसाच सरळ रेषेत गालापाशी परतला का, की छातीशी लोंबकळत राहिला? एका फेरीतले जॅब मोजा, त्यातले नीट परतलेले वेगळे मोजा. वीसपैकी पंधरा-सोळा परतत असतील तर प्रशिक्षकानं मेहनत घेतली आहे. निम्मे खाली राहत असतील, तर उंची कमी असलेला एखादा चपळ गडी कधीतरी त्यावरून उजवा हात घालणारच.

मग मान. उंच बॉक्सरला एक वाईट सवय लागते. समोरच्याचा ठोसा आला की तो पाय न हलवता कमरेतून मागे झुकतो, हनुवटी वर. बुटक्या प्रतिस्पर्ध्यासमोर हे दहापैकी दहा वेळा खपतं, म्हणून प्रशिक्षकही बोलत नाही. पण कुणी एकामागे एक दोन जॅब मारून आत आला की पहिल्याला तो झुकलेला असतो आणि दुसऱ्याला झुकायला जागा उरलेली नसते. तिसरा ठोसा मग हनुवटीवर. झुकण्याऐवजी अर्धं पाऊल मागे जाणारा धिप्पाड बॉक्सर दिसला तर नीट बघत बसा, असे थोडे आहेत.

मिठीही बघा. व्लादिमिर क्लिच्को ६ फूट ६ इंचाचा. २००३ मध्ये कोरी सँडर्सनं त्याला दुसऱ्या फेरीत गारद केलं, २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरनं पाचव्या. नंतर प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डनं त्याला नव्यानं घडवलं: जॅब, पुन्हा जॅब, समोरचा आत आला की लगेच मिठी. त्यानंतर नोव्हेंबर २०१५ पर्यंत त्याला कुणी हरवू शकलं नाही. मिठी मारायची वेळ अचूक साधणं हेही कसबच आहे, पण मिठीत खांद्यावर लोंबकळणं म्हणजे वजनाचा फायदा. २०१३ मध्ये मॉस्कोत पोव्हेत्किनविरुद्ध हे इतकं झालं की शेवटी पंचानं त्याचा एक गुण कापला. त्या लढतीत पोव्हेत्किन चार वेळा खाली गेला, तरी क्लिच्कोचं कसब मोजायला ती लढत आम्ही घेणार नाही.

पडद्यावर येणाऱ्या ठोशांच्या आकड्यांवर फार विसंबू नका. दोन माणसं रिंगजवळ बसून, प्रत्येकी एका बॉक्सरकडे बघत, बटणं दाबतात. मोठ्या गड्याचा हातावर अडलेला ठोसाही जोरात वाजतो आणि लागला म्हणून मोजला जाऊ शकतो.

प्रश्न : टायसन फ्युरी खरंच कसबी की उंचीचं खातो? दोनदा तर आपल्यापेक्षा छोट्या उसिककडून हरला.
*— वरोरा (जि. चंद्रपूर)*

फ्युरी ६ फूट ९ इंच, हातांचा पल्ला ८५ इंच. त्याचं कसब बघायचं तर आकाराचा फायदा जिथे जवळपास संपतो अशा लढती घ्या. क्लिच्को ६ फूट ६, डिओंटे वाइल्डर ६ फूट ७. नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला फ्युरीनं क्लिच्कोला हुलकावण्या देऊन, मधेच डावा-उजवा पवित्रा बदलून असं गोंधळवलं की बारा फेऱ्यांत कॉम्प्युबॉक्सच्या (ठोसे मोजणाऱ्या कंपनीच्या) मोजणीत क्लिच्कोचे ५२च ठोसे लागले. वाइल्डरविरुद्ध २०१८ च्या पहिल्या लढतीत तो मागे सरकत, दोर वापरत खेळला. फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या लढतीत वजन वाढवून, पुढे चालून जाऊन सातव्या फेरीत त्याला थांबवलं. त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर तोच माणूस दोन उलट पद्धतींनी खेळतो, हा कसबाचा भक्कम पुरावा आहे.

उसिकविरुद्धचे पराभव या मताला धक्का देत नाहीत. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये उसिक सुमारे १०१ किलोचा, फ्युरी ११९ चा; पंचांचा निकाल दोन विरुद्ध एक असा फाटला. चौथ्या ते सातव्या फेरीत फ्युरीचे पोटातले ठोसे आणि अपरकट (खालून वर मारलेले ठोसे) बघण्यासारखे होते. नवव्या फेरीत उसिकनं त्याला इतकं हाणलं की फ्युरी दोरांमुळे उभा राहिला आणि पंचांनी मोजणी केली. डिसेंबरातल्या दुसऱ्या लढतीत तिन्ही पंचांनी ११६–११२ असे गुण उसिकला दिले. उसिक डावखुरा आहे. त्याचा पुढचा पाय फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला सतत जात होता, त्यामुळे त्याचा डावा हात सरळ मधून जायचा आणि फ्युरीला दरवेळी वळून मारावं लागायचं. उसिकच्या पायांपुढे हरणं आणि बॉक्सिंग न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मते शंभर वर्षांतल्या ६ फूट ८ इंचांवरच्या बॉक्सरांत फ्युरीएवढं कुणाला येत नव्हतं.

प्रश्न : पूर्वी डेम्प्सीनं विलार्डला, बेअरनं कार्नेराला झोडपलं. म्हणजे मोठं अंग हे ओझंच ना? आणि मोठ्याचे हात लांब, मग छोटा आत जातोच कसा?
*— एक शिक्षक, हिंगणघाट (जि. वर्धा)*

४ जुलै १९१९ ला टोलेडोमध्ये जॅक डेम्प्सीनं (८५ किलो) जेस विलार्डला (१११ किलो, ६ फूट साडेसहा इंच) पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं हे खरं. पण विलार्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि १९१५ मध्ये जॅक जॉन्सनला हरवल्यापासून जेतेपदासाठी एकदाच उतरला होता. त्यावरून उंच माणसांचा कायदा काढू नका. कार्नेराचं वेगळं: १९३४ मध्ये मॅक्स बेअरनं त्याला अकरा वेळा खाली घातलं आणि तरी तो उठत राहिला. छातीत दम होता, बचाव नव्हता. त्याच्या आधीच्या कित्येक लढती ठरवून झाल्याचे आरोप तेव्हापासून आहेत, त्यामुळे त्याचा जय-पराजयाचा आकडा आम्ही हिशेबात घेत नाही.

हाताच्या पल्ल्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जे माप घेतात तो पल्ला. छातीची रुंदीही त्यातच येते. रुंद छातीच्या माणसाचा पल्ला ८० इंच असला तरी हात लांब असतीलच असं नाही. शिवाय खांदा फिरवून, मागच्या पायावरून रेटा देऊन मारला तरच तो पल्ला वापरला जातो. बरेच धिप्पाड बॉक्सर कोपरातून मारतात; ठोसा जातो, पण ढकलल्यासारखा, आणि चार-पाच इंच पल्ला वाया जातो.

छोटा आत जातो तो गुडघ्यांतून वाकून, जॅबखालून. आता मोठ्याला खाली मारायचं आहे. तो कमरेतून वाकला की सगळा भार पुढच्या पायावर जातो, ठोशाचा जोर निघून जातो, डोकं गुडघ्याच्या पुढे येतं आणि खालून अपरकट बसतो. गुडघे वाकवून सगळं अंग खाली नेणारा आणि मग मारणारा मोठा गडी या सापळ्यात सापडत नाही. उझबेकिस्तानचा बाखोदिर जलोलोव्ह बघा: ६ फूट ७ इंच, डावखुरा, टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिकमध्ये सर्वांत वरच्या गटाचं सुवर्ण.

प्रश्न : आमच्या गावात १९ वर्षांचा पोट्टा आहे, ६ फूट ५ इंच, ११८ किलो. कबड्डीत कॉर्नरला खेळतो, हात धरला की सुटत नाही. समदे म्हणतात, याले बॉक्सर करा. त्याच्यात काही आहे का, हे गावातच बघता येईल का? की आता उशीर झाला?
*— एक ग्रामपंचायत सदस्य, मेहकर तालुका (जि. बुलढाणा)*

सदस्यसाहेब, सुरुवात दवाखान्यापासून करा. उंची घराण्यातली असेल तर चिंता नाही. पण १८ नंतरही त्याची चप्पल दरवर्षी एक-एक नंबर वाढते का, जबडा रुंद होऊन दातांत फटी पडल्या का, सारखं डोकं दुखतं का, बाजूचं कमी दिसतं का, हे विचारा. यातलं काही असेल तर मेंदूखालच्या ग्रंथीत वाढीच्या हार्मोनचा बिघाड असू शकतो. तालुक्याच्या डॉक्टरकडून फिजिशियनकडे चिठ्ठी घ्या. आयजीएफ-१ ही रक्ततपासणी आणि लागलं तर एमआरआय. अशा मुलाला आधी उपचार, रिंग नंतर. रक्तदाबही बघून घ्या. या वजनात तो तरुणपणीच वाढलेला आढळतो.

शरीर ठीक असेल तर शाळेच्या मैदानावर किंवा खळ्यावर चुन्यानं ६ मीटर १० सेंटिमीटरचा चौकोन आखा. हौशी स्पर्धेच्या रिंगचं दोरांच्या आतलं माप तेवढंच असतं. शिटीच्या इशाऱ्यावर त्याला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकू द्या. तीन मिनिटं सरकणं, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. नवखा तिसऱ्या खेपेला पाय चिकटवणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ‘पाय जवळ आले’ असं सांगितल्यावर तो ते सुधारतो का आणि आठवड्यानं ते टिकलं का, हे लिहून ठेवा. आमच्या दृष्टीनं या मुलाची सगळ्यांत मोठी परीक्षा हीच.

मग झाडाला दोरीनं टेनिसचा चेंडू बांधा, आधी त्याच्या हनुवटीच्या उंचीवर. जॅब मारून चेंडूला नुसता स्पर्श, हात परत गालाशी. वीस वेळा नीट झालं की चेंडू जमिनीपासून पाच फुटांवर आणा. साडेपाच-पावणेसहा फुटी माणसाची हनुवटी साधारण तिथे येते. आता तो कमरेतून वाकतो की गुडघ्यांतून, ते बघा. गुडघ्यांतून वाकायला लागला तर पुढे शिकवण्यासारखं खूप आहे.

तिसरी चाचणी खेळातली: ७० किलोचा चपळ जोडीदार, उघडे तळवे, फक्त खांद्याला आणि पोटाला हात लावायचा, दोन मिनिटं. कोण किती वेळा लावतो ते मोजूच नका. मोठ्याचा हात चुकल्यावर तो पुढे झोकांड्या खातो की जागेवर राहतो, आणि दोनदा चुकल्यावर चिडतो का, एवढंच बघा. डोक्यावर ठोसे मारायची लढत मात्र गावात करू नका. गमशील्ड, हेडगार्ड, १६ औंसचे ग्लोव्हज आणि शिकलेला प्रशिक्षक हे सगळं असेल तिथेच ती व्हायची.

दोरीच्या उड्यांसाठी बाजारातली नऊ फुटी दोरी त्याला आखूड पडते, वाकून उड्या मारतो आणि पाठ धरते. दोरीच्या मध्यावर उभं राहून मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत. त्याला दहा-साडेदहा फूट लागेल. सिमेंटवर नको, मातीवर. सुरुवातीला अर्ध्या मिनिटावर थांबा, नाहीतर या वजनात नडगी दुखायला लागते.

उशीर झाला का, असंही तुम्ही विचारलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ९१ किलोवरील गटात उतरलेला सतीश कुमार हा त्या गटातला पहिला भारतीय ऑलिंपियन. तो सैन्यात गेल्यावरच बॉक्सिंगकडे वळला. उपांत्यपूर्व फेरीत जखमेचे टाके घेऊन जलोलोव्हसमोर उतरला होता. तेव्हा १९ वय चालतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन पतियाळाच्या एनआयएसमधून (राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून) शिकलेला बॉक्सिंगचा प्रशिक्षक जवळपास कुठे आहे ते विचारा.

एक सूचना. सर्वांत वरच्या या गटाला वजनाची वरची मर्यादा नसते. खालची सीमा आधी ९१ किलो होती, मग ९२, वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या जागतिक संघटनेच्या नियमात ९०. जिल्हा पातळीवर या गटात अनेकदा दोन-तीनच नावं येतात, कधी समोरचा येतच नाही आणि न खेळता पदक गळ्यात पडतं. तेव्हा पदक दाखवलं की पोट्ट्याला विचारा, प्रत्यक्ष किती लढती खेळलास आणि समोरचा किती किलोचा होता. गावात फ्लेक्स त्यानंतर लावा.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची, ८४ किलो. मैदानावर मुलं चिडवतात. तिला बॉक्सिंगला घालावं का?
*— एक आई, साकोली (जि. भंडारा)*

ताई, घाला. नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडमध्ये झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरील गटाचंच सुवर्ण आणलं. वजन घटवायला लावणारा प्रशिक्षक मात्र टाळा. वाढीच्या वयात उपाशी राहून गट बदलायचा नसतो. पहिले तीन महिने पाय आणि जॅब, बॅगवर जोर नंतर.

बॅगचा प्रश्न बऱ्याच पत्रांत आहे, म्हणून इथेच सांगतो. सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्यात वाळू किंवा सरकी भरून टांगू नका. दोन्ही खाली बसतात, तळ दगडासारखा होतो आणि मनगट जातं. जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून दाबून भरा, दर वीतभर थराला लाकडानं ठोका. बॅगचं वजन साधारण शरीराच्या निम्मं ठेवा: या मुलीसाठी ४० किलो, मेहकरच्या पोट्ट्यासाठी ६०. हाताला साडेचार मीटरची पट्टी गुंडाळल्याशिवाय बॅगला हात लावायचा नाही. पट्टी आधी मनगटाला तीनदा, मग बोटांच्या मागच्या हाडांवर तीनदा, मग बोटांच्या मधून, आणि उरलेली पुन्हा मनगटाला.